आवडी अनेक, प्रश्न एक

ज्याला दहा विषय खुणावतात, त्याला आपण हमखास सांगतो की एकच धर, बाकीचे सोड. फलटणकडे पाहिलं तर हा सल्ला अपुरा वाटतो. बनबिहारी निंबकरांनी 1968 साली इथे ‘नारी’ ही शेती संशोधन संस्था उभी केली. तिथे करडई, गोड ज्वारी, मेंढ्या, शेळ्या, एवढंच काय, कंदील आणि चुलींवरही काम झालं. वरवर पाहता पसाराच! पण कमी पावसाच्या भागातल्या शेतकऱ्याच्या हाती चार पैसे कसे पडतील, या प्रश्नाभोवतीच तो सारा होता. करडईचे काटे काढणीच्या वेळी हात ओरबाडतात, म्हणून बिनकाट्यांची करडई. दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते, म्हणून सुंदरबनातल्या चिमुकल्या गरोळ मेंढीतला जुळ्यांचा गुण तिच्यात आणून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी.

कोणी म्हणेल, संस्थेकडे माणसं होती, एकट्यादुकट्याने काय करावं? रास्त आहे. एकट्याला सगळं झेपत नाही. त्याने मग खंड पडला की कोणतं काम मोडतं, ते पाहावं. करडईचं बी पुढच्या रब्बीपर्यंत कणगीत थांबेल. मेंढ्यांचा संकर मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालतो. कोणत्या मेंढीला कोणता नर दिला, ही नोंद मध्येच तुटली की मागची वर्षं वाया. शिवाय गरोळ अंगाने लहान, तेव्हा जुळी हवीत आणि दख्खनीचा बांधाही टिकायला हवा. त्यासाठी दर पिढीत पुन्हा निवड करावी लागते.