चांगल्या बातमीला पाय नसतात

आमच्या वैजापूरकडे कुणालाही विचारा, "काय म्हणता, बरं आहे ना?" उत्तर ठरलेलं असतं: "चाललंय आपलं." कांद्याला भाव मिळालेला असो, पोरीला नोकरी लागलेली असो, विहिरीला पाणी असो, उत्तरात फरक पडत नाही. "बरं आहे" असं मोकळेपणाने म्हणणं आमच्याकडे जोखमीचं मानतात. एक तर नजर लागते. दुसरं, हातउसने मागणारा दुसऱ्या दिवशी दारात उभा राहतो. आणि तिसरं कारण जरा नाजूक आहे. शेजाऱ्याची कपाशी वाळून चाललेली असताना आपण मजेत असल्याचं सांगणं म्हणजे त्याच्या जखमेवर मीठ चोळणं. या तिसऱ्या कारणात माणुसकी आहे, ती मी नाकारणार नाही.

पण या सवयीची एक किंमत आपण मोजतो. गावात कुणाचं कर्ज थकलं, कुणाची भावकी कोर्टात गेली, हायवेवर कुठे गाडी उलटली, हे पारावर बसलेल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतं. कुणाकडे काय बरं घडलं ते मात्र वर्षा-दोन वर्षांनी, बहुधा लग्नपत्रिकेतल्या नावापुढच्या पदवीवरून कळतं. मग आपण सगळे मिळून एका अशा गावात राहू लागतो, जिथे काहीच चांगलं घडत नाही. प्रत्यक्षात ते घडत असतं. सांगितलं जात नाही, एवढंच.

वाईट बातमी आपल्या पायाने येते. चांगल्या बातमीला पाय नसतात. ती कुणीतरी उचलून दुसऱ्याच्या दारापर्यंत न्यावी लागते. हे पोचवण्याचं काम आपण हळूहळू सोडून दिलं, आणि आता उदास वाटतं म्हणून तक्रार करतो.

हे काम कसं असतं, ते पाहायचं तर कालव्याला पाणी सुटलेल्या दिवशी चारीवर जाऊन उभं राहावं. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ नांदूर मधमेश्वरचा बंधारा आहे. तिथल्या पक्ष्यांमुळे त्याला पाणथळ जागांना दिला जाणारा रामसर दर्जा मिळाला, महाराष्ट्रातला पहिला, म्हणून शहरातल्या लोकांना तो ठाऊक. आम्हाला तो ठाऊक आहे जलदगती कालव्यामुळे. पाऊस पडतो इगतपुरीच्या घाटमाथ्यावर, साठतो मुकणे, भावली, भाम, वाकी या धरणांत, नदीने खाली बंधाऱ्यापर्यंत येतो आणि तिथून कालव्याने वैजापूर-गंगापूरच्या शिवारात. आमच्या गव्हा-हरभऱ्याला जे पाणी मिळतं, ते दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्याच मोसमात पडलेलं असतं.

आवर्तन सुटल्याची बातमी आधी येते, पाणी नंतर. कोरड्या चारीतून पाण्याचं तोंड पुढे सरकतं तेव्हा ते काही देखणं नसतं. पुढे फेस, बाभळीची पानं, काटक्या, गुटख्याच्या पुड्या. त्याच्यापुढे जीव घेऊन पळणारे किडे आणि त्यांच्यावर टपलेले बगळे. तापलेल्या मातीत पाणी शिरताना चर्र आवाज होतो आणि भेगांमधून बुडबुडे येतात. दारं धरायला आलेला माणूस फावड्यावर रेलून हे पाहत असतो आणि त्याच वेळी त्याचा फोन कानाला असतो. "तुमच्या मोरीपाशी येतंय बघा. तासाभरात या." खालचा शेतकरी आपल्या खालच्याला सांगतो, तो त्याच्या खालच्याला. पाणी माणसाच्या चालीनं येतं. बातमी त्याच्या कितीतरी आधी टेलपर्यंत, म्हणजे शेवटच्या शेतापर्यंत, गेलेली असते. या निरोपात सांगणाऱ्याचा काही फायदा नसतो. उलट, खालचा वेळेत हजर झाला तर आपल्याला दार लवकर मोडावं लागणार, हे त्याला कळतं. तरी तो सांगतो. चांगली बातमी हातोहात नेणं म्हणतात ते हेच.

अर्थात टेलपर्यंत बातमी पोचते म्हणून पाणी पोचतंच असं नाही. कुठल्याही कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्याला विचारा. सुख वरच्या अंगाला येऊन थांबल्याचा अनुभव आमच्या भागाला तसा जुना आहे. १५ ऑगस्ट १९४७ ला पलीकडे येवल्यात, कोपरगावात स्वातंत्र्य आलं होतं. वैजापूर निजामाच्या राज्यात. शिवाराला शिवार लागून, सोयरिकी दोन्हीकडे, आणि आनंद मात्र सरहद्दीवर अडलेला. तो इकडे यायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला, म्हणजे तेरा महिने. त्या तेरा महिन्यांत पलीकडची बातमी इकडे कुणी आणलीच नसती, तर इकडचा माणूस कशासाठी झगडला असता?

चांगली बातमी मागे का पडते, याचं उत्तर योहान गाल्टुंग आणि मारी रूगे या नॉर्वेच्या दोन अभ्यासकांनी १९६५ मध्येच देऊन ठेवलं आहे. काँगो, क्यूबा आणि सायप्रसमधल्या पेचप्रसंगांच्या बातम्या त्यांच्या देशातल्या वर्तमानपत्रांनी कशा छापल्या, हे त्यांनी तपासलं. त्यांचं एक निरीक्षण साधं आहे. माणूस वाढवायला वर्षं लागतात, अपघातात मरायला क्षण पुरतो. घर बांधायला महिने लागतात, जळायला एक रात्र. वर्तमानपत्र रोज निघतं. त्याच्या चोवीस तासांच्या चौकटीत बसतं ते मरण आणि जळणं. बांधकाम त्या चौकटीत मावतच नाही. यात संपादकाचा दुष्टपणा असेलच असं नाही, काळाचं माप चुकतं आहे. आता तर ते माप चोवीस तासांवरून चोवीस सेकंदांवर आलं आहे.

याचं आमच्याच राज्यातलं उदाहरण म्हणजे नारू. आज तिशीतल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागतो. पायऱ्यांच्या विहिरीत लोक पाय बुडवून पाणी भरायचे. त्या पाण्यातल्या बारीक जिवांवाटे किडा पोटात जायचा आणि वर्षभराने हातभर लांबीचा दोरा होऊन पायातून बाहेर निघायचा. तो तुटू नये म्हणून काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. ऐन पेरणीत माणूस महिनाभर खाटेवर. देशातल्या ज्या राज्यांत हा रोग होता त्यांत महाराष्ट्रही होता. मग विहिरींच्या पायऱ्या बंद झाल्या, हातपंप आले, पाणी फडक्याने गाळून प्यायचं हे आरोग्य कर्मचाऱ्यांनी दारोदार जाऊन सांगितलं. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. लस नाही, औषध नाही. फडकं, हातपंप आणि चालणारी माणसं यांच्या बळावर एक रोग देशातून गेला. आपल्यापैकी कितीजणांच्या घरी त्या दिवशी पेढे आले? रोग असताना प्रत्येकाला दिसत होता, जाताना कुणाला दिसला नाही.

लहान आनंदांचंही असंच होतं. त्यांना घटना म्हणून नोंदवता येत नाही. सकाळी दुधाच्या किटलीत फॅट चांगली लागली, रोटेगाव स्टेशनावर गाडी वेळेत आली, म्हाताऱ्या आईने आज अर्धी भाकरी जास्त खाल्ली, ही काय बातमी झाली? पण माणसाचा दिवस यांनीच भरलेला असतो. त्यांची दखल घ्यायची नाही असं ठरवलं, तर आयुष्याचा मोठा भाग बिनहिशेबी राहतो.

इथे एक गफलत टाळली पाहिजे. हल्ली रोज सकाळी फोनवर फुलांचे, उगवत्या सूर्याचे, सुविचारांचे ढीग येऊन पडतात. पाठवणाऱ्याची भावना चांगली असेल. पण "सदैव आनंदी राहा" या वाक्यात बातमी कुठे आहे? ते कुणालाही, कधीही, कुठूनही पाठवता येतं, म्हणून ते कुणालाच पोचत नाही. "तुमच्या मोरीपाशी पाणी येतंय" या वाक्याला जागा आहे, वेळ आहे, आणि ते खोटं निघालं तर सांगणाऱ्याची अब्रू जाते. आनंदाच्या निरोपाला एवढी तरी जोखीम असली पाहिजे. सत्तेवरच्या माणसांची "सगळं उत्तम चाललं आहे" ही भाषाही याच सुविचारांच्या जातीची. तिला पत्ता नसतो.

खरा आक्षेप यापुढचा आहे, आणि तो गंभीर आहे. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातली उभी पिकं पाण्यात गेली, जमिनी खरवडून निघाल्या. शेतकऱ्यांच्या आत्महत्या हा तर या प्रदेशाचा वर्षानुवर्षांचा घाव. अशा ठिकाणी छोट्या आनंदांची गोष्ट करणं म्हणजे अन्यायावर साखर पेरणं नव्हे का? आहे त्यात समाधान माना, मागू नका, असाच त्याचा अर्थ नाही का होत?

याचं उत्तर मला तालुक्यातच, शिऊरला सापडतं. तिथे संत बहिणाबाईंची समाधी आहे. जळगावकडच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या. या १६२८ मध्ये देवगावला जन्मलेल्या, तुकोबांना गुरू मानणाऱ्या. लहानपणीच वयाने कितीतरी मोठ्या बिजवराशी लग्न झालं. घरच्या भांडणातून गाव सुटलं आणि भटकत भटकत कुटुंब कोल्हापूरला पोचलं. तिथे एक गाय दानात मिळाली. तिला वासरू झालं आणि त्याला या अकरा वर्षांच्या मुलीचा लळा लागला. ती पाण्याला निघाली की ते मागे, ती कीर्तनाला बसली की तेही शेजारी. जयरामस्वामींच्या कीर्तनात वासरू बसतं, याची गावभर चर्चा झाली, ती नवऱ्याच्या कानावर गेली आणि त्याने तिला बेदम मारलं. पुढे वासरूही गेलं.

हे सगळं आपल्याला कुणा चरित्रकाराकडून कळलेलं नाही. बहिणाबाईंनी स्वतःच आपल्या अभंगांत ते सांगितलं आहे. सतराव्या शतकातल्या त्या बाईने नवऱ्याची मारहाण लपवली नाही, आणि वासराचा आनंदही लपवला नाही. दोन्ही एकाच हिशेबात, एकाच्या बदल्यात दुसरं वजा न करता. वासराच्या सुखाने तिचा मार सोसण्याजोगा झाला असं तिने म्हटलेलं नाही. पण ते वासरू त्या अभंगांत नसतं, तर तिच्याकडून नेमकं काय हिरावून घेतलं हेही आपल्याला समजलं नसतं.

आनंदाची नोंद तक्रारीची शत्रू नाही, हा याचा अर्थ. चारीवरही तेच दिसतं. वरच्या शेताला पाणी मिळालं ही बातमी खाली पोचते, म्हणूनच टेलचा माणूस अर्ज घेऊन उठू शकतो: त्याला मिळतं तर मला का नाही? फडक्याने नारू जातो हे ज्याला ठाऊक, तोच पुढे नळाचं शुद्ध पाणी मागतो. जिथे चांगलं घडल्याचं कुणाला माहीतच नाही, तिथे मागणीही मरते. "आपल्याकडे काही होणार नाही" हे वाक्य राज्यकर्त्यांना जितकं सोयीचं आहे, तितकं दुसरं कुठलंच नसेल.

चांगली बातमी पोचवण्याच्या रीती आपल्याकडे कमी नाहीत, वापरात मात्र राहिल्या नाहीत किंवा वाकड्या झाल्या. "तोंड गोड करा" म्हणून पेढा हातावर ठेवणं ही रीत किती नेमकी आहे! आनंद सांगून पुरत नाही, तो दुसऱ्याच्या जिभेपर्यंत न्यायचा. पण याच रीतीत आपण मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर बर्फी, असा भेद घुसवला. आनंदातही वरची चारी आणि खालची चारी! ती मोडायला हवी. उलट, श्रावणात सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या परंपरेतला सप्ताह भरतो, तेव्हा आमटी जागेवर शिजते आणि भाकरी गावोगावच्या घरांतून येतात. हजारोंच्या पंगतीत माझ्या घरची भाकरी कुणी खाल्ली, हे मला कळत नाही; मी कुणाची खाल्ली, हेही नाही. तरी प्रत्येक घर पहाटे उठून भाकरी थापतं. चांगली बातमी अशीच थापावी लागते, कुणाच्या ताटात पडेल याचा विचार न करता.

तेव्हा वाचकांना एवढंच सुचवतो. उद्या कुणी "बरं आहे ना?" विचारलं, तर "चाललंय आपलं" म्हणा हवं तर; वर्षानुवर्षांची सवय एका दिवसात जात नाही. पण त्यापुढे एक खरं वाक्य जोडा. कोणती बी उगवली, कुणाचं ऑपरेशन नीट झालं, कोणत्या कचेरीत पैसे न देता काम झालं आणि कोणत्या खिडकीवर. ऐकणाऱ्याला त्याचा उपयोग होईल. आणि तो खालच्या मोरीपाशी उभा असेल, तर त्याला वेळेत सांगा.