‘हे मी केले’

‘हे मी केले’ हे तीन शब्द माणूस फार लवकर शिकतो. त्यांचा अर्थ मात्र त्याला उशिरा कळतो आणि पुष्कळदा कळतही नाही. दिवाळीच्या दिवसांत तर हे शब्द घरोघर ऐकू येतात. चकली साधली तर ती माझी, आणि मऊ पडली तर दोष भाजणी दळून देणाऱ्या गिरणीचा! या शब्दांवर माणसाने हक्क केव्हा सांगावा, हा प्रश्न वरवर पोरकट वाटतो. परंतु यंदा पिंपळीला माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी त्यावरून चांगलाच वाद झाला, आणि त्याला निमित्त झाले एक लाकडी खोके.

बारामतीहून इंदापूरकडे निघाले की पिंपळी लागते. कालव्याच्या पाण्यावर पोसलेला हा उसाचा मुलूख. इथे शेतकऱ्याच्या पोराने मोटारीचा स्टार्टर उघडून नीट केला तर कोणी मान वर करूनही पाहत नाही, कारण ते कामाचे काम. माझ्या भाच्याने मात्र सहा महिने खपून केले ते खेळाचे यंत्र. शहरात पूर्वी नाणे टाकून खेळायच्या उंच पेट्या असत, त्यांची ही बुटकी भावंडे म्हणा. प्लायवूडची पेटी, जुन्या संगणकाचा पडदा, एक दांडी, सहा रंगीत बटणे, आणि आत ‘रास्पबेरी पाय’ नावाची पत्त्याच्या पानाएवढी संगणक-पट्टी. मुलांना संगणकाला आज्ञा लिहिण्याची गोडी लागावी, या हेतूने केंब्रिजच्या मंडळींनी ती २०१२ साली बाजारात आणली.

पोराने अभिमानाने सांगितले, “मामा, हे मी केलं.” त्यावर दाजी शांतपणे म्हणाले, “पट्टी विकतची, बटणं विकतची, पेटी सुताराकडनं कापून आणली. ह्यात तू काय केलंस?”

“बेणं विकतचं, पाणी कालव्याचं,” पोरगा म्हणाला, “तरी ऊस आपला म्हणता ना?”

मला हे उत्तर फार आवडले. पण दाजी हार मानणारे नव्हेत. ते म्हणाले, “म्हणतो. कारण रात्री दोनला लाईट आली तर दारं धरायला मीच जातो. तुझं खोकं बंद पडलं तर कोण जातो?”

मला वाटते, वादाचा गाभा दाजींनीच नकळत सांगून टाकला. आपण कर्तृत्व शोधतो ते वस्तूच्या जन्मात; आणि वस्तूच्या जन्मापाशी पाहिले तर एकट्याने केलेले असे जगात काहीच सापडत नाही. अंगणातल्या किल्ल्याचेच पाहा. मावळे कुंभाराकडचे, सिंहासनावरचे महाराज बाजारातले, माती शेजाऱ्याच्या परसातली. तरी मुलगा ‘माझा किल्ला’ म्हणतो, आणि त्याला कोणी पावती मागत नाही. कारण रात्री दव पडून बुरूज खचला तर सकाळी तोंड धुण्याआधी चिखलात हात घालणारा तोच असतो.

या कसोटीला भाचा उतरतो का? मी त्याला पेटीचे मागचे दार उघडायला लावले. त्याने दांडी डावीकडे ढकलली, तर आतले उजवीकडचे बटण टिचकन वाजले. मी चकित झालो. तो हसून म्हणाला, “मामा, दांडी मधे खिळलेली असते. वरचं टोक डावीकडं गेलं की खालचं उजवीकडं जातं. पहिल्या दिवशी मी सगळ्या तारा उलट्या लावल्या होत्या.” मग त्याने दुसरी गंमत सांगितली. बटण आपण एकदा दाबतो, पण आतली धातूची पट्टी टेकता टेकता सेकंदाच्या काही सहस्रांश भागात चारदोन वेळा थरथरते, आणि संगणक इतका चपळ की त्याला ते चारदोन वेगळे दाब वाटतात. पहिल्या दाबानंतर क्षणभर बहिरे व्हायला त्याला शिकवावे लागते. शिवाय मोबाइलच्या साध्या चार्जरने वीज अपुरी पडून यंत्र मधेच दचकून पुन्हा सुरू होई, त्याचे कारण शोधण्यात पोराचा एक आठवडा गेला. हे ज्ञान दुकानात मिळत नाही. ते बिघाडातूनच मिळते.

या धंद्याचा आरंभही काही वेगळा नव्हता. १९७२ साली अमेरिकेत ॲलन अल्कॉर्न या तरुण अभियंत्याने ‘पाँग’ हा चेंडूफळीचा खेळ जुळवला, तोही मालकाने सरावासाठी दिलेला धडा म्हणून. पडदा होता दुकानातून आणलेला साधा टीव्ही. ते यंत्र एका मद्यगृहात ठेवले आणि काही दिवसांत ते बंद पडले. अल्कॉर्नने जाऊन उघडले, तर नाण्यांचा डबा तुडुंब भरून वाट अडली होती! टीव्ही त्याने केला नव्हता, म्हणून ‘पाँग’ त्याचा नव्हे असे कोण म्हणेल? आपल्याच जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला, तो हातांनी काम करता करता शिकावे याच श्रद्धेने. तिथे मुले वस्तू करतात तशा त्या मोडून दुरुस्तही करतात.

एवढे झाल्यावर मी भाच्याच्या बाजूने निकाल देणार होतो. पण तेवढ्यात त्याने खेळ सुरू केला आणि पडद्यावर तो प्रसिद्ध पिवळा खादाड गोळा, ‘पॅकमॅन’, अवतरला. “हा कुठून आणलास?” मी विचारले. “नेटवरून. सगळेच घेतात, मामा.”

इथे मात्र माझे मन अडले. बटणांचे पैसे त्याने मोजले होते, सुताराला मजुरी दिली होती. हा खेळ जपानच्या तोरू इवातानी यांनी आपल्या सोबत्यांसह १९८० साली घडवला. त्यांना, किंवा त्यांच्या कंपनीला, कोणी विचारले? आपल्या १९५७च्या कायद्यात संगणकाच्या आज्ञावलीला साहित्यकृतीचेच स्थान आहे. म्हणजे माझी कथा कोणी न विचारता छापावी तसेच हे. कालव्याच्या पाण्यालाही पट्टी भरावी लागते. दुसऱ्याचे घेणे यात काही कमीपणा नाही, सारा संसार त्यावरच चालतो. पण घेतलेले ‘घेतले’ म्हणून सांगता आले पाहिजे, आणि सांगताना जीभ अडखळू नये. भाच्याची अडखळली. निदान मला तरी तसे वाटले.

त्याने वाद घातला नाही. आता तो स्वतःचा खेळ लिहितो आहे. इंदापूरच्या रस्त्याने उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर कारखान्यावर न्यायचा आणि वाटेतले खड्डे चुकवायचे, असा तो खेळ. अजून त्यात एक खोट आहे: ट्रॉल्या खड्ड्यांवरून जातात, पण त्यांना काही होतच नाही. दाजींनी ते पाच मिनिटे उभ्याउभ्या पाहिले आणि म्हणाले, “असली ट्रॉली कुठं मिळत असंल, तर मला एक आण.”