तो कामाला नव्हताच

सुट्टीच्या दिवसांत पहाटे नंदुरबार जिल्ह्यातल्या धानोऱ्यात रस्त्याकडेला उभं राहिलं, तर मजुरांची पिकअप भरताना दिसते. आधी बायका चढतात, भाकरीची फडकी आणि पाण्याच्या बाटल्या आत सरकवतात. मग पुरुष. गाडी हलता हलता फाळक्यावर पाय टाकून दोन-तीन पोरं उडी घेतात. एखाद्याच्या अंगात कॉलेजच्या क्रीडास्पर्धेचा टी-शर्ट असतो आणि त्यावर पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट. पपईचा चीक अंगाला लागला की कातडी सोलवटते, आणि मिरची वाळवतात त्या पथारीवर दिवस काढला की रात्री हातांची आग झोपू देत नाही. मुकादमाच्या वहीत या पोरांची नावं असतीलच असं नाही. पुष्कळदा बापाच्या किंवा काकाच्या नावापुढं 'अधिक एक' एवढंच लिहिलेलं असतं.

हा 'अधिक एक' कामावर मेला तर जबाबदार कोण, एवढाच माझा प्रश्न आहे. मी कुणा एका मुलाची गोष्ट सांगत नाही. पण अशा मृत्यूनंतर जे बोललं जातं ते या भागात वावरणाऱ्या कुणालाही तोंडपाठ असेल. मालक म्हणतो, "तो आमच्याकडं कामाला नव्हताच, सुट्टी होती म्हणून आला होता." मुकादम म्हणतो, "बापाच्या मागं आला, मी बोलावलं नव्हतं." कॉलेज म्हणतं, सुट्टीत विद्यार्थी काय करतो ते आम्हाला कसं कळणार. पोलीस ठाण्यात 'अकस्मात मृत्यू' अशी नोंद होते. आणि घरचे म्हणतात, आमच्या नशिबातच नव्हता.

या सगळ्या वाक्यांमधून 'विद्यार्थी' हा एकच शब्द फिरतो, आणि प्रत्येकाला तो सुटकेची वाट करून देतो. एरवी ज्या शब्दाचा आपण मान राखतो, तोच त्या मुलाला बेवारस करतो. माझं म्हणणं साधं आहे. ज्या क्षणी त्याने दुसऱ्याच्या कामासाठी पाटी उचलली, त्या क्षणी तो कामगार झाला. ज्याचं काम होतं, त्याच्यावर जबाबदारी आली. तो उरलेल्या वेळात काय करतो, बारावीला आहे की बी.ए.ला, याने त्यात काडीचाही फरक पडत नाही.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. कायदाही हेच म्हणतो, आणि फार पूर्वीपासून म्हणतो. १९२३ साली झालेल्या नुकसानभरपाईच्या कायद्यात तात्पुरत्या, अधूनमधूनच्या मजुरांना वगळणारे शब्द होते. २००० सालच्या दुरुस्तीने ते काढून टाकले. त्यामुळे बांधकामावर किंवा यंत्रावर दोन दिवसांसाठी आलेला पोरगाही मजूरच. मुकादमामार्फत माणसं घेतली म्हणून मूळ मालक सुटत नाही. भरपाई त्याच्याकडं मागता येते. "त्याचीच चूक होती, सांगितलेलं ऐकलं नाही" हा तर सगळ्यात आवडता बचाव. पण माणूस मेला असेल तर हा बचाव कायद्याला चालत नाही. जखमी माणसाच्या बाबतीत तो काही वेळा चालतो, मेलेल्याच्या बाबतीत नाही. आता या तरतुदी २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेल्या आहेत आणि २१ नोव्हेंबर २०२५पासून ती लागू झाली आहे. तिच्यात कामावर जाता-येतानाचा अपघातही, कामाशी संबंध दिसत असेल तर, कामावरचाच धरला आहे. पिकअपच्या फाळक्यावर उभ्या राहणाऱ्या पोरासाठी ही लहान गोष्ट नाही.

भरपाईच्या हिशोबाचा तक्ताही बघण्यासारखा आहे. निम्मा मासिक पगार गुणिले वयाचा गुणक. वय जितकं कमी, तितका गुणक मोठा. अठराव्या वर्षाचा गुणक २२६.३८. महिना दहा हजार मजुरी धरली तर ११,३१,९०० रुपये होतात. आणि तक्ता सुरू होतो तो सोळा वर्षांपासून. म्हणजे हा तक्ता करणाऱ्यांनाही माहीत होतं की कामावर मरणाऱ्यांत पोरं असतात.

मग गावात हा आकडा कुणी ऐकलेला का नसतो?

कारण त्याच्या आधी 'मदत' येते. मदतीबद्दल कृतघ्न होऊन बोलायचं नाही, दुःखाच्या घरात आलेला रुपया रुपयाच असतो. पण ती कशी येते तेही बघावं. एप्रिल २०२५मध्ये नांदेडजवळच्या आलेगावात हळदीच्या कामाला निघालेल्या बायकांचा ट्रॅक्टर विहिरीत पडला. वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या सात जणी बुडाल्या. राज्याने पाच लाख, पंतप्रधान निधीतून दोन लाख जाहीर झाले. त्याआधी फेब्रुवारी २०२१मध्ये आपल्याच खानदेशात, यावल तालुक्यातल्या किनगावजवळ, पपई भरलेला ट्रक मध्यरात्री उलटला आणि मालावर बसून घरी निघालेले पंधरा मजूर दबून मेले; त्यांत लहान मुलंही होती. अशा वेळी मंत्री येतात, आकडा जाहीर होतो, आणि तेवढ्यात एक गोष्ट हळूच नाहीशी होते: ती पपई कुणाची होती, मजूर कुणी बोलावले होते, मालवाहू गाडीवर त्यांना बसू कुणी दिलं, हे प्रश्न. अशा गाडीत फुकट बसवलेल्या माणसांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच स्पष्ट केलं आहे. म्हणजे गाडीत बसतानाच मजूर विम्याच्या बाहेर पडलेला असतो, आणि हे त्याला कुणीही सांगत नाही.

सरकारी कागदात या मदतीला 'सानुग्रह' म्हणतात. शब्दातच अनुग्रह आहे, कृपा आहे. कृपा करणारा जबाबदार नसतो. तो मोठ्या मनाचा असतो. म्हणून मला हा शब्द खुपतो. राज्यात पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्याच्या अपघाती मृत्यूला दीड लाख मिळतात. घरच्या सातबाऱ्यावर नाव असेल तर शेतकरी कुटुंबातला म्हणून दोन लाख मिळू शकतात. बांधकाम कामगार मंडळाकडं नोंद असेल तर कामावरच्या मृत्यूला पाच लाख. आता धानोऱ्याकडचा एक मुलगा कल्पू या, एफ.वाय.ला असलेला, मे महिन्यात सेंट्रिंगच्या कामावर गेलेला. बारावी झाली म्हणून पहिली योजना संपली. जमीन वनहक्काच्या दाव्यात अडकलेली, सातबारा नाही, म्हणून दुसरी नाही. बांधकाम मंडळात नोंद व्हायला वर्षात नव्वद दिवस काम लागतं. त्याचे चाळीस भरले, कारण उरलेले दिवस तो वर्गात होता. ज्या इमारतीच्या स्लॅबखाली तो गेला, तिच्या खर्चावरचा एक टक्का उपकर त्याच मंडळात जमा झालेला असेल. पैसे आहेत, फक्त तो शिकत होता हा त्याचा दोष.

असा मुलगा इथं अपवाद नाही, हे कळावं म्हणून जनगणनेचे आकडे सांगतो. २०११ साली नंदुरबार जिल्ह्यात आदिवासी समाज सुमारे ६९ टक्के होता, आणि साक्षरता जेमतेम ६४ टक्के, राज्यात सगळ्यात कमी. इथली कुटुंबं पिढ्यानपिढ्या कोयता घेऊन बारडोली, सुरतकडं ऊसतोडीला जातात. यान ब्रेमन या डच अभ्यासकाने खानदेशातून दक्षिण गुजरातेत जाणाऱ्या या टोळ्यांवर सत्तरच्या दशकापासून लिहिलं. अशा घरातला मुलगा कॉलेजात पोचतो तेव्हा तो कामातून सुटलेला नसतो. त्याने काम सुट्टीत ढकललेलं असतं, एवढंच. शिष्यवृत्तीचा हप्ता, वसतिगृहाऐवजी मिळणारे 'स्वयंम' योजनेचे पैसे वेळेवर आले नाहीत की तो सुट्टीचीही वाट बघत नाही. हप्ते थकले म्हणून आदिवासी विद्यार्थ्यांनी प्रकल्प कार्यालयांवर मोर्चे नेणं ही आता बातमीही उरली नाही. खोलीभाडं थकलं म्हणून एखादा मुलगा स्लॅबच्या कामावर गेला, तर तो हप्ता अडवून ठेवणाऱ्या टेबलाचाही त्या दिवसात वाटा आहे. भरपाईच्या कायद्यात तो मोजता येत नाही. म्हणून तो नाही असं मात्र होत नाही.

इथं कुणीतरी 'कमवा आणि शिका'चं नाव काढतं, आणि काढावंच. श्रमाने शिक्षण विकत घ्यायचं, भीक मागायची नाही, हा महाराष्ट्राचा अभिमानाचा वारसा आहे. पण भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात काय होतं ते नीट आठवावं. १९२४ साली उभ्या राहिलेल्या त्या घरात काम देणारा आणि पोरांना सांभाळणारा एकच माणूस होता. पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं, मंगळसूत्रही ठेवलं नाही. मुलाच्या हातात कुदळ देणाऱ्यालाच रात्री तो परत आला की नाही याची काळजी होती. आज मुलगा कमावतो एकीकडं आणि शिकतो दुसरीकडं, आणि मधल्या रस्त्यावर त्याला कुणीच पालक नाही. शब्द तेवढे आपण तेच ठेवले.

कारखान्यात तर हा दुभंग कायद्यानेच घातला आहे. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात लिहिलंय की उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. आयटीआयची पोरं हे वाक्य पहिल्या दिवसापासून ऐकतात. जादा तास, पगार, सुट्टी, कशाचीही चौकशी केली की हेच उत्तर. पण त्याच कायद्यात, दोन कलमं आधी, असंही म्हटलंय की उमेदवाराला इजा झाली तर मालकाने कामगाराप्रमाणेच भरपाई द्यावी. म्हणजे जगताना तो कामगार नाही, पण जखमेच्या वेळी आहे. कायदा लिहिणाऱ्याला त्या ठिकाणी खरं काय ते दिसलं असावं: यंत्राला ओळखपत्र वाचता येत नाही.

इटलीतली एक घटना या संदर्भात सांगावीशी वाटते. जानेवारी २०२२मध्ये उदिने शहराजवळच्या कारखान्यात शाळेच्या कार्यानुभवासाठी गेलेला अठरा वर्षांचा मुलगा पोलादी तुळईखाली सापडून गेला. त्याच्या प्रशिक्षणाचा तो शेवटचा दिवस होता. देशभर विद्यार्थी रस्त्यावर आले, त्यांनी मार खाल्ला, तरी ते मागं हटले नाहीत. पुढच्या वर्षी सरकारने अशा विद्यार्थ्यांच्या कुटुंबांसाठी निधी उभारला आणि कामगार अपघात विम्याचं छत्र शाळा-कॉलेजांवर रुंदावलं. तिथल्या पोरांनी 'तो आमच्यातला होता' असं म्हटलं. आपल्याकडं मुलगा जातो तेव्हा वर्गात दोन मिनिटं उभं राहतात आणि हजेरीपटावर त्याच्या नावावर आडवी रेघ मारतात.

माझ्या म्हणण्यावरचा एक आक्षेप मला खरोखर अडवतो. धानोऱ्यासारख्या गावात मालक म्हणजे कोण? कधी तो स्वतः पाच एकरांचा शेतकरी असतो, कर्जात असतो, मेलेला मुलगा त्याच्या भावकीतला असतो. त्याला अकरा लाख भरायला लावले तर दुसरं घर उठेल. हे खरं आहे. पण याचं उत्तर जबाबदारी नाही असं म्हणण्यात नाही, ती वर सरकवण्यात आहे. पपई ज्या व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये चढते, इमारत ज्या ठेकेदाराच्या नावावर आहे, ऊस ज्या कारखान्याच्या गव्हाणीत पडतो, तिथपर्यंत ती गेली पाहिजे. ज्याच्याकडं नफा जातो त्याच्याकडं जोखीमही जावी, आणि त्याने हंगाम सुरू व्हायच्या आधी टोळीतल्या प्रत्येक माणसाचा, 'अधिक एक'सकट, विमा उतरवावा. त्याच्यासाठी हा खर्च फार मोठा नाही. पाच एकरवाल्याच्या गरिबीची ढाल करून आज त्याच्यामागं मोठे लोक उभे आहेत.

म्हणून तर मिटवामिटवी इतकी भराभर होते. अंत्यविधी होतो, तिसऱ्या दिवशी पंच बसतात, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतात की आमची कुणाविरुद्ध तक्रार नाही. बाप अंगठा देतो किंवा शाळेत शिकलेली सही करतो. त्याला कुणीच सांगत नाही की या कागदाला कायद्यात किंमत नाही. मृत्यूची भरपाई मालकाने परस्पर हातात दिली तर ती भरपाई धरलीच जात नाही. ती भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांकडंच जमा करावी लागते. हक्क सोडल्याचा करार मुळातच रद्दबातल. दावा लावायला दोन वर्षं आहेत. कॉलेजांना खरंच काही करायचं असेल तर हे एवढं त्यांनी करावं: त्या घरी जाऊन हे सांगावं, आणि दाव्याचा अर्ज लिहायला एक प्राध्यापक बसवावा.

पण आयुक्तांसमोर गेल्यावर शेवटची अडचण येते, आणि ती मला सगळ्यात क्रूर वाटते. विधवा आई सोडली तर आई-बापांना भरपाई आपोआप मिळत नाही. त्यांना दाखवावं लागतं की ते मुलाच्या कमाईवर, निदान काही अंशी, अवलंबून होते. अवलंबून असलेलं कुणीच नाही असं ठरलं तर जमा केलेले पैसे मालकाला परत जातात. अठरा वर्षांचा, अविवाहित, शिकणारा मुलगा. मालकाचा वकील म्हणणार, हा तर बापाच्या जिवावर शिकत होता, बाप त्याच्या जिवावर कसा? कामाच्या दिवशी ज्याला कामगार म्हटलं नाही, त्याला इथंही विद्यार्थी म्हणूनच उभं करतात. बाप काय सांगणार? त्याच्याकडं पावती नसते, पासबुकात नोंद नसते. तो बहुधा एवढंच सांगेल, "साहेब, औंदा फी त्यानंच भरली. मला उचल घ्यावी लागली नाही." हेच अवलंबून असणं आहे, आणि आयुक्तांनी ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावं.