पाळणे आणि बांधणे

हंसाचे नाव निघाले की वारकऱ्याला नीरक्षीरविवेक आठवतो. कीर्तनात आम्हीही तो दृष्टांत वारंवार मांडतो. दूध आणि पाणी निराळे करण्याची शक्ती कोणत्याही पक्ष्याच्या चोचीत नाही. तो कविसंकेत आहे, आणि संकेत म्हणून तो गोडच आहे. पण ज्याचा दृष्टांत द्यायचा त्या जीवाकडेही एकदा नीट पाहावे. आजचा प्रश्न तेवढाच आहे. सुंदर जीव आपल्या तळ्यात राहावा असे वाटले, तर त्याला पाळावे कसे? आणि पाळणे संपून बांधणे सुरू होते ते कोठे?

युरोपातील तळ्यांवर जो शुभ्र राजहंस दिसतो, त्याचे वजन दहा-बारा किलो भरते आणि पसरलेले पंख दोन मीटरांहून रुंद होतात. लांब मान पाण्यात घालून तो तळाची वनस्पती खातो. मादी पाच-सात अंडी घालते आणि पाच-सहा आठवडे उबवते. राखी रंगाची पिले चार-पाच महिन्यांनी उडू लागतात. एवढे जड शरीर उभ्या जागी हवेत उठत नाही. त्याला पाण्यावर पाय मारीत पुष्कळ धावावे लागते. म्हणजे अगदी लहान तळ्यात सोडलेला हंस पंख असून बंदीच म्हणायचा.

हौशी माणसे याच्याही पुढे जातात. पिसे कातरली तर पुढच्या पीसझडीनंतर ती पुन्हा येतात. म्हणून पिलू थोड्या दिवसांचे असतानाच त्याच्या एका पंखाचे टोक सांध्यापासून छाटतात. दोन नव्हे, एकच पंख! उडण्याचा तोल जन्मभराचा गेला. पुढे त्याला वेळेवर दाणा घालतात, कोल्ह्यापासून राखतात, आणि म्हणतात, ‘पाहा, आमचे हंसांवर किती प्रेम!’

कोणी म्हणेल, ‘महाराज, मोकळा सोडला तर तो मरायचा नाही का? जिवंत राहणे बरे की उडणे बरे?’ शंका खोटी नाही. जखमी पक्षी, ज्याला पुन्हा उडताच येणार नाही, त्याला तळ्यावर सांभाळणे ही सेवाच होय. पण तेथे पंख दैवाने नेला आणि आपण आधार दिला. येथे पंख आपणच नेला आणि वर आधाराचे पुण्य मागतो. या दोहोंना एकाच मापाने कसे मोजावे?

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट परगण्यात अ‍ॅबट्सबरी नावाचे गाव आहे. अकराव्या शतकात तेथे ख्रिस्ती साधूंचा मठ झाला. ते साधू हंस राखीत, पण मेजवानीच्या ताटासाठी. १५३९ साली मठ मोडला, हंस राहिले. आज तेथे त्यांना कोणी खाण्यासाठी मारीत नाही. शेजारी खाऱ्या पाण्याची लांब उथळ खाडी आहे, तीत पाणगवत उगवते. माणसे वर दाणा घालतात, घरट्यांसाठी काडी-गवत पुरवतात. सहाशेच्या घरात हंस तेथे असतात, आणि ते उडायला मोकळे आहेत. तरीही ते तेथेच घरटी करतात. जागा चांगली ठेवली, म्हणून पाहुणा राहिला!

आपल्याकडचेच पाहा ना. तो शुभ्र राजहंस हिंदुस्थानात क्वचितच येतो. आपल्या जुन्या काव्यातला हंस म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला कलहंस असावा, असे अनेक जाणते मानतात. तिबेट-मंगोलियाच्या सरोवरांकाठी तो पिले वाढवतो आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून येतो. अंगावर बांधलेल्या यंत्रांनी त्याची उंची ७,००० मीटरांहून अधिक मोजली आहे. नाथांच्या पैठणाजवळ जायकवाडीच्या जलाशयावर, तसेच उजनीच्या पाण्यावर तो उतरतो. त्याला कोणी दोरी लावली नाही, आमंत्रण धाडले नाही. येतो, राहतो, जातो, पुन्हा येतो. वारकरी याहून वेगळे काय करतो?

पुंडलिकाने देवाला बांधले नाही. उभे राहण्यापुरती वीट दिली. देव आपल्या इच्छेने उभा राहिला, म्हणून तर अठ्ठावीस युगे राहिला. शास्त्रात हंस हे श्वासाचेही नाव आहे. श्वास कोंडून पाहा, जीव कासावीस होतो; सोडा, तो आपणहून परत येतो.

आता आपापल्या घरात पाहावे. मुलाला गावाबाहेर जाऊ न देणारा बाप, सुनेला माहेरची वाट बंद करणारी सासू, शिष्याला दुसऱ्या फडावर ऐकायला जाऊ न देणारा महाराज, हे सारे प्रेमच सांगतात. आम्ही कीर्तनकारांनी तर हे आधी स्वतःच्या दारी तपासावे. समोरचा माणूस आपल्यापाशी आहे तो गोडीने आहे, की पंख नाही म्हणून आहे? पाणी स्वच्छ ठेवावे, दाणा घालावा, काडी-गवत जवळ करावे. एवढे आपले काम. राहायचे की उडायचे, ते त्याचे त्याला ठरवू द्यावे.