देवमाशांची झुंज

दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ, असे आपण म्हणतो. कोरियातली म्हण नेमकी उलट आहे: देवमाशांची झुंज लागली की पाठ फुटते कोळंबीची. भोगलेल्यांची म्हण मला जास्त खरी वाटते.

तर कोरियातल्या चोरवॉनच्या खोऱ्यात एक शेतकरी होता. भाताची कसदार जमीन, दोन मुलगे. थोरला सोलला कामाला. सुगी आली की तो रेल्वेने घरी यायचा आणि धाकटा दुपारपासूनच स्टेशनवर जाऊन बसायचा. पस्तीस वर्षे जपानचे राज्य सोसले होते. 15 ऑगस्ट 1945 ला जपानने शरणागती जाहीर केली, तेव्हा म्हातारा म्हणाला, ''यंदाची सुगी आपली.''

पण त्याच्या चार-पाच दिवस आधी, रात्रीच्या वेळी, वॉशिंग्टनमध्ये दोन अमेरिकी कर्नल नकाशा पसरून बसले होते. नकाशा नॅशनल जिऑग्राफिकचा. रशियन फौजा कोरियात उतरत होत्या, त्या कुठवर येऊ द्यायच्या हे ठरवायला हाताशी अर्धा तास होता. त्यांनी अडतिसावा अक्षांश निवडला, कारण सोल त्याच्या दक्षिणेला राहत होते. मॉस्कोने होकार दिला. कोरियातल्या कुणालाही कुणी विचारले नाही. त्या दोघांना दुष्ट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण ज्याच्या अंगणातून रेघ जाते, त्याला न विचारता ती ओढणे हा अन्यायच.

त्या सुगीला थोरला आला नाही. खोरे रेघेच्या उत्तरेला राहिले होते आणि गाडी रेघेशी अडली होती. धाकटा तरी स्टेशनवर जात राहिला.

1948 साली एका देशाची दोन सरकारे झाली आणि 25 जून 1950 ला युद्ध पेटले. धाकट्याला उत्तरेच्या फौजेने नेले, थोरल्याला दक्षिणेच्या. वर्षाच्या आत सोलचा ताबा चार वेळा बदलला. खोऱ्यातही कधी ही फौज, कधी ती. जी येई ती विचारी, ''तू कुणाच्या बाजूचा?'' म्हातारा सांगे, ''माझा भात कापायचा राहिलाय, बाबा.'' बलाढ्यांच्या चुरशीत गरिबाला बाजू घ्यावीच लागते आणि घर मात्र दोन्ही बाजूंनी जळते, हे त्याला शिकवावे लागले नाही.

धाकटा कैद झाला. 27 जुलै 1953 ला शस्त्रसंधी झाली आणि मायदेशी परतायला नकार देणारे बावीस हजारांवर कैदी भारतीय सैन्याच्या हवाली झाले. त्या सैन्याचे प्रमुख कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. कुठे जायचे, हे ज्याचे त्याने सांगायचे होते. धाकट्याने पुष्कळ विचार केला. उत्तरेत गेलो तर शत्रूच्या छावणीत राहून आलेला म्हणून जन्मभर संशय. दक्षिणेत राहिलो तर उद्या पुन्हा बंदूक हातात, आणि तिच्या नळीसमोर आपलेच गाव. तो म्हणाला, ''दोन्हीकडे नको.''

असे म्हणणारे 88 जण होते. फेब्रुवारी 1954 मध्ये ते भारतीय जवानांबरोबर जहाजाने आपल्याकडे आले. काही जण पुढे ब्राझील, अर्जेंटिनाला गेले, थोडे इथेच राहिले.

शांततेचा करार आजवर झालेला नाही. दोन सैन्यांमध्ये चार किलोमीटर रुंदीचा पट्टा मोकळा सोडलेला आहे आणि म्हाताऱ्याचे शेत त्यातच गेले. तिथे आता कुणी पेरत नाही. थंडी पडली की उत्तरेकडून क्रौंच येतात आणि त्या पडीक बांधांवर उतरतात.