भ्यालेल्या जीवास घर



गीतेच्या सोळाव्या अध्यायात भगवंतांनी दैवी संपत्तीची गणना केली आहे. त्या गणनेत दान आहे, दया आहे, क्षमा आहे, अहिंसा आहे. पण पहिले नाव कोणाचे? अभयाचे. अभय म्हणजे स्वतः निर्भय होणे, हा अर्थ सर्वमान्यच आहे. परंतु जो कोणास भीत नाही, त्याच्यापासून दुसऱ्यासही भय नसावे, हे त्याच अभयाचे दुसरे अंग. यालाच अभयदान म्हणतात. अन्नदान एका पंगतीत पुरे होते. वस्त्रदान हातातून हातात गेले की झाले. अभयदानाचे तसे नाही. देणाऱ्याने 'दिले' म्हटल्याने ते होत नाही. घेणाऱ्याच्या अंतःकरणातून भय निघाले म्हणजे मग ते झाले. म्हणून सर्व दानांत हे सावकाश होणारे दान आहे. हा सिद्धांत आज एका मांजरीच्या दृष्टांताने पाहू.

गेल्या चातुर्मासात परभणी तालुक्यातील एका गावी आमचे कीर्तन होते. आरती झाली, बुक्का लागला, आणि एक वयस्क माउली पुढे येऊन म्हणाल्या, "महाराज, जनावराचं विचारलं तर चालंल का?" आम्ही म्हणालो, "विचारा की, माय. जनावरात काय देव नाही?" त्या सांगू लागल्या, "लेकीनं पुण्याच्या निवाऱ्यातून मांजर आणली. मग तिची बदली झाली, मांजर माझ्याकडं ठेवून गेली. पंधरा दिस झाले, धान्याच्या कोठीमागून बाहेर येत नाही. हात घातला की फिसकारते. शेजारीण म्हणते, हिला तुमचं घर मानवत नाही, पोत्यात घालून नदीपल्याड सोडून या. काय करू?"

आम्ही विचारले, "ती किती घरं फिरून आली?" त्यांनी बोटे मोजली. रस्ता, निवारा, लेकीची भाड्याची खोली, गाडीचा प्रवास आणि आता हे घर. "मग माय, तिच्या हिशेबी पंधरा दिस म्हणजे काल संध्याकाळ."

भाविकहो, कीर्तनात मांजर आले की ढोंगाचा दृष्टांत आलाच असे समजावे. मनुस्मृतीत दांभिकाला बैडालव्रतिक, म्हणजे मांजरासारखे व्रत करणारा, म्हटले आहे. हितोपदेशातला दीर्घकर्ण बोका जरद्गव गिधाडाला गोड बोलून फसवतो आणि झाडावरची पिले खातो. पण त्या ग्रंथकारांना ढोंगी माणूस दाखवायचा होता. मांजर केवळ सोंगापुरते घेतले. आपण मात्र सोंग खरे मानले, आणि कोपऱ्यात दबून बसलेले मांजर पाहिले की म्हणतो, 'लबाड आहे, कृतघ्न आहे.' अहो, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, कान मागे पडलेले, अंग भुईला चिकटलेले. यात लबाडी कुठे आहे? ते भय आहे. फिसकारणे हा तिचा राग नव्हे. 'जवळ येऊ नका' ही तिची विनवणी आहे.

हे भय येते कोठून? मांजराचे पिलू साधारण दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या आठवड्यापर्यंत माणसाच्या हाताची ओळख करून घेते. त्या दिवसांत प्रेमाचा हात लागला नाही, किंवा लागला तो दगडच लागला, तर पुढे माणूस तिला परकाच राहतो. त्यावर दोष ठेवून काय उपयोग?

आपल्या संप्रदायात मांजरीची मोठी कथा आहे. महिपतीबाबांनी १७६२ साली पूर्ण केलेल्या भक्तविजयात राका कुंभाराचे चरित्र गायिले आहे. राकाने आवा रचला. एका कच्च्या मडक्यात मांजरीने पिले ठेवली होती, हे त्याला ठाऊक नव्हते. आवा पेटला, आणि मांजरी त्या आगीभोवती ओरडत फिरू लागली. राकाच्या काळजाचे पाणी झाले. त्याने पांडुरंगाचा धावा केला, पिले वाचली तर सर्व संसार लुटवीन असे बोलला; आणि आवा उघडला तेव्हा पिले जिवंत निघाली. राकाने आपला शब्द पाळला.

ही कथा आपण आनंदाने ऐकतो, आणि 'पुंडलिक वरदा' म्हणून उठतो. पण पुढचा विचार करा. आगीतून पिलू काढणे एका घटकेचे काम आहे. पिलातून आग काढणे महिन्यांचे. आज ज्याला आपण निवारा म्हणतो, त्याला पांजरपोळ हा आपला जुना शब्द आहे. मुंबईचा पांजरपोळ १८३४ सालचा. अशा ठिकाणी सेवा करणारी माणसे जीव आगीतून काढतात. त्यापुढचे काम त्या गर्दीत पुरते होत नाही. शेजारी कुत्री भुंकतात, रोज नवे चेहरे येतात, आणि घर शोधायला आलेला माणूस जे पिलू उडी मारून मांडीवर बसते तेच उचलतो. मागे दबून बसलेली तिथेच राहते. तिला धीराचे घर हवे असते.

धीर म्हणजे काय, हे शास्त्राच्या आधाराने पाहू. रामानुजाचार्यांच्या अनुयायांत शरणागतीविषयी दोन न्याय प्रसिद्ध आहेत. वडकलै पंथ मर्कटन्याय मानतो: माकडाचे पिलू आईला स्वतः घट्ट धरते. तेनकलै पंथ मार्जारन्याय मानतो: मांजरीचे पिलू काही करीत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. दोन्ही थोरच. पण भ्यालेल्या मोठ्या मांजरीला एकही न्याय लागू पडत नाही. ती आपणास धरणार नाही, आणि आपण धरलेले तिला सोसणार नाही. आई पिलाला मानेला धरते म्हणून कोणी मोठ्या मांजरीची मान पकडून तिला बाहेर ओढील, तर भय दुप्पट होईल, आणि हातही रक्ताने भरेल.

मग तिसरा मार्ग कोणता? तो पंढरीत आहे. पुंडलिक आईबापांची सेवा करीत होता. देव दारी आला. पुंडलिकाने वीट टाकली, आणि देव त्या विटेवर थांबला. त्याने हाक मारून सेवा मोडली नाही, हात धरून ओढले नाही. परंपरा त्याचे हे उभे राहणे युगांनी मोजते. आणि आपल्या गंगाखेडची जनाबाई! गोदाकाठची ही लेक लहानपणीच पंढरपुरी दामाशेटींच्या घरी आली. परके घर, परके गाव. देवाने तिला 'आधी राउळात ये, मग बघू' असे म्हटले नाही. जेथे ती होती, तेथे, जात्यापाशी, तो जाऊन बसला आणि दळू लागला. बोलावणे नाही, ओढणे नाही. जवळ बसून काम करणे. भ्यालेल्या जीवाशी वागण्याची सारी रीत यात आली.

ती रीत घरच्या भाषेत सांगतो. पहिले काही दिवस मांजरीला सारे घर देऊ नये. एक लहान, शांत खोली द्यावी. त्यात एक खोका आडवा ठेवावा, म्हणजे तिला लपता येईल. लोक म्हणतात, लपायला दिले तर ती बाहेर कशाला येईल? नेदरलँड्स देशातील उत्रेख्त येथील अभ्यासकांनी निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांचे दोन गट केले, एकाला खोका दिला, दुसऱ्याला दिला नाही. २०१४ साली त्यांनी प्रसिद्ध केले ते असे, की खोका मिळालेली मांजरे लवकर निवळली. लपण्याची मुभा असते, म्हणूनच बाहेर येण्याचे धैर्य होते.

अन्नपाणी एका कोपऱ्यात, वाळूचे घमेले दुसऱ्या कोपऱ्यात. रोज ठरल्या वेळी एकाच माणसाने आत जावे, भुईवर तिरपे बसावे आणि आपले काम करावे. आपल्याला काम शोधायला नको. हरिपाठ हलक्या आवाजात म्हणावा. टाळ मात्र नको! तिच्याकडे टक लावून पाहू नये. पापण्या हळू मिटाव्या, हळू उघडाव्या. इंग्लंडातील ससेक्स विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०२० साली दाखविले, की अशा मंद पापण्यांना मांजर तशाच मंद पापण्यांनी उत्तर देते, आणि परक्या माणसाच्याही जवळ यायला राजी होते. हात भुईलगत सैल ठेवावा. तिने वास घेतला तर तो आजचा प्रसाद. न घेतला तर उद्या.

दोन गोष्टी मात्र उद्यावर टाकू नयेत. मांजर दिवसभर अन्नाला शिवले नाही तर पशुवैद्यास दाखवावे. परभणीस १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आणि चावा किंवा ओरखडा बसला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन सरकारी दवाखाना गाठावा. अंगारा लावून बसू नये.

आता माळकऱ्याची खरी शंका. 'महाराज, गळ्यात तुळशीची माळ, आणि मांजर तर मांसाहारी. तिला दूध-भाकरी घालावी का?' उत्तर सरळ आहे: केवळ दूध-भाकरीवर मांजर जगत नाही. टॉरिन नावाचे एक द्रव्य तिच्या देहात पुरेसे तयार होत नाही. ते मांस-मासळीतून मिळते. ते न मिळाल्यास दृष्टी जाते आणि हृदय दुबळे होते. हृदयाची ही गोष्ट १९८७ साली सिद्ध झाली. दूध तर पुष्कळ मोठ्या मांजरांना पचतही नाही. मग आपल्या आज्यांची मांजरे कशी जगली? अहो, धान्याच्या घरात उंदीर भरपूर होते. आजीला दूध दिसत होते, उंदीर दिसत नव्हते. बंद खोलीतल्या मांजरीला दूध-भाकरीवर ठेवणे म्हणजे आपल्या सोवळ्यासाठी तिला उपाशी मारणे. ज्या घराला पाकिटातले मांजराचे खाद्य वेगळ्या भांड्यात ठेवण्यास अडचण नाही, त्याने तिला ठेवावे. ज्याच्या नेमाला ते मानवत नाही, त्याने नेम मोडू नये, आणि मांजरही ठेवू नये. तिला दुसरे घर शोधून द्यावे. ठेवून घेण्याइतकेच शोधून देण्याचेही पुण्य आहे.

त्या माउलींनी हेच केले. त्यांचे घर वाईट नव्हते. पण दारात कुत्रे, घरात तीन नातवंडे आणि गळ्यात माळ. त्यांनी मांजरीला माळवदावरची खोली दिली, थोरला नातू वेगळ्या वाटीत खाद्य ठेवू लागला, आणि माउली घर शोधू लागल्या. एका घरी उंदरांसाठी मांजर हवी होती. दुसऱ्या घरी पोरांना खेळायला हवी होती. दोघांनाही त्यांनी हात जोडून नाही म्हटले. शेवटी परभणी शहरात एक निवृत्त गुरुजी भेटले, एकटेच राहणारे. त्यांनी विचारले, "करते काय ती?" माउली खरे बोलल्या: "काही करत नाही, गुरुजी. लपून बसते." गुरुजी म्हणाले, "मग बसू द्या. मलाही कुठं जायचं नाही."

संस्कृतात मार्जार शब्द 'मृज्' धातूपासून आला आहे. मृज् म्हणजे पुसणे, स्वच्छ करणे. स्वतःचे अंग पुसून काढणारा तो मार्जार. भ्यालेले मांजर पुष्कळदा हे काम सोडून देते. दोन महिन्यांनंतर गुरुजींचा निरोप आला, की मांजरी आता त्यांच्या देखत खिडकीशी बसून अंग चाटते. मांडीवर अजून येत नाही. कदाचित कधीच येणार नाही. पण ती पुन्हा मार्जार झाली, हे काय थोडे झाले?

म्हणून भाविकहो, असे घर शोधताना काही लपवू नका. 'लाघवी आहे' असे खोटे सांगून दिलेली मांजर आठ दिवसांत परत येते, आणि तिचे भय एक घर वाढते. घरात माणसे किती, कुत्रे आहे का, दारे-खिडक्या नीट लागतात का, हे पाहा. आणि आपल्या लोकांसाठी एक खास गोष्ट: वारीचे विचारा. शेगावची पालखी परभणी, दैठणा, गंगाखेड करीत पुढे जाते, आणि घरेच्या घरे तिच्यामागे निघतात. ज्या घराला आषाढीच्या आधी कुलूप लागते, तेथे ज्येष्ठात भ्यालेला जीव देऊ नका. द्यायचा तर वारीनंतर द्या, अथवा मागे कोण राहणार ते आधी ठरवा.

आणि ते पोते? उपासमार होईल अशा ठिकाणी पाळीव जनावर सोडून देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पण माळकऱ्याला कायद्याचा धाक कशाला लागावा? विश्वास ठेवायला जो जीव शिकत होता, त्यालाच नदीपल्याड टाकणे म्हणजे दिलेले अभय परत काढून घेणे.

लोक म्हणतील, एवढा वेळ एका मांजरीला? तिने दिले काय? भाविकहो, जो हिशेब मागतो त्याने दान केले नाही, उसने दिले. राउळात गेलात की एकदा पांडुरंगाचे हात पाहा. ते कमरेवर आहेत. कोणाला ओढून घेण्यासाठी ते पुढे आलेले नाहीत. आपणही जन्मोजन्मीचे भ्यालेले, संसाराच्या कोठीमागे दडून बसलेले जीव. आणि तो समोर उभा आहे, आपण आपल्या पायांनी येऊ तोवर. ज्याची अशी वाट पाहिली जात आहे, त्याने एका मुक्या जिवाची वर्षभर वाट पाहिली तर त्यात अधिक काय केले?

रामकृष्णहरि.