घेणारा कोण, हे न विचारता

आषाढातल्या शुक्रवारी म्हैसूरच्या चामुंडी टेकडीवर पहाटेपासून गर्दी लोटते. पायथ्यापासून वर हजारावर पायऱ्या आहेत. काही बायका त्यातली एकही न गाळता प्रत्येक पायरीला हळदकुंकू लावत चढतात. कंबर वाकलेली, बोटे पिवळी-लाल झालेली, ओठांवर देवीचे नाव. दर्शन घेऊन उतरणाऱ्याच्या हातात वाटेत कुणीतरी द्रोण ठेवते. त्यात पुळिओगरे असते, गोड पोंगल असते, नाहीतर केसरीभात. हे सगळे वाटप देवस्थानाचेच असते असे नाही. कुणाच्या घरचा नवस असतो, कुठल्या गल्लीतल्या मंडळाचा दरवर्षीचा नेम असतो. द्रोण देणारा पुढच्याचे नाव-गाव विचारत नाही, आणि घेणाराही कुणाचे आभार मानायला थांबत नाही, कारण मागची रांग त्याला पुढे ढकलत असते. ही घाईतली देवघेव फार साधी वाटते. माझ्या मते भक्ती कशाला म्हणायचे या प्रश्नाचे उत्तर त्या हजार पायऱ्यांपेक्षा या द्रोणात अधिक आहे.

याच शहरात दुसरी एक भक्ती उन्हाळ्यात भरात असते. बंगळुरूच्या आयपीएल संघासाठी म्हैसूरचे तरुण देवाला साकडे घालतात, लाल जर्सी घालून सामना बघतात, बळी जाऊ नये म्हणून बसलेली जागा सोडत नाहीत. ‘ई सल कप नम्दे’, यंदा चषक आपलाच, हे वाक्य त्यांनी वर्षानुवर्षे जपासारखे म्हटले आणि वर्षानुवर्षे ते खोटे ठरले. ३ जून २०२५ रोजी, अठराव्या हंगामात, अहमदाबादेत तो चषक अखेर मिळाला. दुसऱ्याच दिवशी बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानाबाहेरच्या चेंगराचेंगरीत अकरा माणसे गेली. क्रिकेट हा आपल्याकडचा धर्मच आहे, असे लोक हसत किंवा नाक मुरडत म्हणतात. मला ते वाक्य गंभीरपणे घ्यावेसे वाटते. सतरा हंगाम फळ न मिळता टिकलेली निष्ठा ही सोपी गोष्ट नाही. पोराला नोकरी लागू दे, मग नारळाचे तोरण वाहीन, अशा नवसापेक्षा ती कितीतरी निरपेक्ष आहे. व्रत, जप, यात्रा, दर्शन, अनोळखी माणसाला एका क्षणात आपला करणारा जल्लोष, हे सगळे तिच्यात आहे. गर्दीचा धोकाही धर्माला काही कमी नाही. जानेवारी २००५ मध्ये साताऱ्यातल्या मांढरदेवीच्या यात्रेत सुमारे तीनशे भाविक मेले. तेव्हा भावनेची तीव्रता, त्यागाची तयारी किंवा शिस्त यांपैकी कोणत्याही मापाने चाहता आणि भक्त यांच्यात रेघ ओढता येत नाही.

रेघ दुसरीकडे आहे. चाहत्याच्या प्रेमात दोनच जण असतात: तो आणि त्याचा संघ. भक्तीत तिसरा येतो. ज्याच्यावर प्रेम आहे त्याने आपल्याला आपण न निवडलेल्या माणसाच्या हवाली करणे, हे भक्तीचे खास काम आहे. कर्नाटकाच्या मातीत ही गोष्ट बाराव्या शतकात बसवण्णांच्या शरणांनी, म्हणजे शिवभक्तांनी, फार स्पष्टपणे मांडली. कायक म्हणजे स्वतःच्या कष्टाची कमाई आणि दासोह म्हणजे त्या कमाईचा सेवाभावाने समाजाला दिलेला वाटा. दोन्ही मिळूनच शिवाची पूजा पुरी होते. म्हैसूरजवळ नंजनगूड तालुक्यात कपिलेच्या काठी सुत्तूरचा मठ आहे. त्याच्या शिवरात्री राजेंद्र स्वामींनी १९५४ साली जेएसएस महाविद्यापीठ स्थापन केले, आणि आज त्याच्या शाळा, वसतिगृहे, रुग्णालय म्हैसूरच्या रोजच्या जगण्याचा भाग आहेत. सुत्तूरच्या वार्षिक जत्रेत रथ ओढला जातो, सामुदायिक विवाह लागतात, कुस्त्या होतात आणि येईल त्याच्या पानात अन्न पडते. तुमकूरच्या सिद्धगंगा मठात शिवकुमार स्वामींनी २०१९ साली देह ठेवला, तोवर कित्येक दशके हजारो मुले रोज तिथे जेवत आणि शिकत होती. त्या मुलांपैकी कुणाची कहाणी हृदयद्रावक आहे, हे जेवण वाढताना कुणी तपासत नव्हते. पानावर बसणे एवढीच पात्रता होती.

दानाच्या आजच्या प्रवाहाकडे या बाजूने पाहिले की काही गोष्टी खटकतात. अशोका विद्यापीठाच्या एका केंद्राने केलेल्या पाहणीत २०२०-२१ या वर्षात भारतीय कुटुंबांनी सुमारे २३,७०० कोटी रुपये दान दिल्याचा अंदाज निघाला. त्यातला सर्वांत मोठा वाटा धार्मिक संस्थांकडे गेला, भिक्षेकऱ्यांना त्याखालोखाल मिळाले आणि बिगरधार्मिक संस्थांच्या वाट्याला फार थोडे आले. कंपन्यांचे दान निराळे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामाला लावणे भाग पडले. पण माणसाच्या दानवृत्तीत खरा बदल घडवला तो मोबाइलने. मिलाप, केटो यांसारख्या मंचांवर आजारी बाळाचा फोटो असतो, आईचे चार शब्द असतात, किती रक्कम जमली याची सरकणारी पट्टी असते. आपण चेहरे चाळतो, एक निवडतो, पैसे पाठवतो, त्या बाळाची खबर घेत राहतो. या मंचांनी अनेक जीव वाचवले आहेत आणि ज्याच्या घरी तशी वेळ आली त्याला त्यांची थोरवी सांगायला नको. तरीही ही चाहत्याची रीत आहे. आपण बाजू निवडतो, तिच्यासाठी जीव टाकतो, पट्टी शंभराला पोहोचली की जिंकल्यासारखे वाटते. ज्याचा फोटो चांगला आला नाही, ज्याच्या आजाराचे नाव लोकांना कळत नाही, ज्याच्या घरात इंग्रजीत चार ओळी लिहिणारे कुणी नाही, तो या खेळात उतरतच नाही.

यावर पहिला आक्षेप घेतला जाईल तो धर्माच्या पैशावर. देवस्थानांच्या तिजोऱ्या सोन्याने भरतात, कळस मढवले जातात, मुकुट चढतात. तिथे तिसरा कुठे आहे? आक्षेप खरा आहे आणि तो माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही. देवाला मुकुट वाहून, आपल्या देवाचा मुकुट शेजारच्या देवापेक्षा जड आहे यात जो सुख मानतो, त्याने देवाचा संघ केला आहे. भक्ती अशी चाहतेपणात उतरते तेव्हा तिच्यात आणि स्टेडियममध्ये फरक उरत नाही. गाडगे महाराजांनी हे ओळखले होते. देवळात न जाता त्यांनी कीर्तनातून उभा केलेला पैसा धर्मशाळांना लावला. दादरच्या त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत कर्करोगाच्या उपचाराला गावाकडून आलेली माणसे आजही उतरतात.

दुसरा आक्षेप अधिक कडू आहे. घेणारा कोण हे न विचारणारी पंगत आपल्या इतिहासात अपवाद होती. जात विचारूनच पान मांडले जाई. पंढरीच्या विठोबाचे दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. उडुपीतल्या वेगळ्या पंक्तींवरून तर अगदी अलीकडेही आंदोलने झाली. त्याउलट मैदानाच्या दगडी पायऱ्यांवर शेजारी कोण बसला हे कुणी पाहत नाही. या बाबतीत चाहत्यांचा जमाव पुष्कळ देवळांहून पुढे आहे, हे मान्य करायलाच हवे. पण लक्षात घ्यायचे ते असे की पंक्तिभेदाविरुद्ध भांडणाऱ्यांनी भक्तीच्याच नावाने भांडण केले. देव सर्वांचा असेल तर पान सर्वांचे, हा त्यांचा युक्तिवाद होता आणि त्याला उत्तर नव्हते. भेद करणारी पंगत आपल्याच तत्त्वापुढे खोटी पडते. दोघांतच संपणाऱ्या प्रेमाला असे खोटे पाडता येत नाही, कारण त्याने तिसऱ्याला काही कबूलच केलेले नसते.

शास्त्राकडूनही अडचण येते. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाला देश आणि काळाबरोबर पात्रही पाहायला सांगितले आहे. आजचे हिशेबी दानशूरही तेच म्हणतात: रुपया कुठे जास्त उपयोगी पडतो ते मोजा, मग द्या. न पाहता देणे म्हणजे आंधळेपणा, असा दोघांचा सूर. इथे दोन निवडी वेगळ्या कराव्या लागतात. काम निवडावे, जरूर तपासून निवडावे: शाळा की दवाखाना, ही संस्था की ती. माणूस मात्र गरजेने निवडला जावा, आपल्या आवडीने नव्हे. अन्नदानात भूक हीच पात्रता, ही समजूत आपल्याकडे जुनीच आहे. बसवण्णांच्याच शतकात, इथून फार लांब, यहुदी विचारवंत मैमोनिडीस याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. माणसाला स्वतःच्या पायावर उभे करणे ही सर्वांत वरची. तिच्या लगेच खालची, देणाऱ्याला घेणारा आणि घेणाऱ्याला देणारा ठाऊक नसणे. एकमेकांची नावेही न ऐकलेल्या परंपरा याच जागी येऊन पोहोचतात, तेव्हा ती निव्वळ स्थानिक रीत राहत नाही.

मग चाहत्याला ही पायरी बंद आहे का? मुळीच नाही, आणि त्याचा पुरावा कर्नाटकातच आहे. कन्नड चित्रपटांचे नायक डॉ. राजकुमार २००६ साली गेले तेव्हा त्यांचे नेत्रदान झाले. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांचा मुलगा पुनीत अकाली गेला, त्याचेही डोळे दिले गेले, आणि नंतरच्या महिन्यांत चाहत्यांनी नेत्रदानाच्या अर्जांची रीघ लावली. निराधार बायका-मुलींसाठी म्हैसूरला असलेली शक्तिधाम ही संस्था याच कुटुंबाने उभी केलेली. इथे नायकानेच चाहत्यांना तिसऱ्याकडे वळवले. नेत्रपेढीत आपले बुबुळ कुणाला बसेल हे कुणी विचारत नाही. चित्रपटाचा चाहता जे करतो ते खेळाचा चाहता करू शकणार नाही असे मानायला कारण नाही. उलट जुन्या खेळात ते होतेच. म्हैसूरच्या गरडीत, म्हणजे आखाड्यात, आणि कोल्हापूरच्या तालमीत लाल मातीची पूजा होते. कोल्हापुरात तर तालीम, गणपती आणि फुटबॉलचा संघ पेठेतल्या एकाच मंडळाचे असतात. सामन्यात एकमेकांच्या जिवावर उठल्यागत ओरडणारी हीच पोरे २०१९ च्या पुरात बोटी आणि जेवणाची पाकिटे घेऊन धावली. पेठ होती म्हणून तिसरा आपोआप हजर होता. लिलावात खेळाडू विकत घेणाऱ्या संघाला पेठ नसते, म्हणून त्याच्या चाहत्यांना तिसरा ठरवून आणावा लागेल. खेळाडूच्या वाढदिवसाला काही चाहते मंडळे रक्तदान शिबिर भरवतात, ते याच कारणासाठी मला मोलाचे वाटते. फलकावर नाव खेळाडूचे असते, आणि पिशवीतले रक्त ज्याच्या गटाशी जुळेल त्याला चढते, मग तो समोरच्या संघाचा का असेना.